पूरमुक्त घर, टोल फक्त पाच मिनिटांवर

जकार्तातल्या घरांच्या जाहिराती वाचायला लागलं की इंडोनेशियन भाषा आठवड्याभरात येते, कारण शब्द एकूण पंधराच असतात. ‘बेबास बंजिर’ म्हणजे पूर येत नाही. ‘लिमा मेनित के तोल’ म्हणजे टोलरस्ता पाच मिनिटांवर; ही पाच मिनिटं ईदच्या सुट्टीत, शहर रिकामं असताना, पहाटे चारला मोजलेली असतात. ‘सियाप हुनी’ म्हणजे उद्याच राहायला या, तोवर वाळवी घर सांभाळतेय. आणि ‘बे-ऊ’ ही दोन अक्षरं दिसली की समजायचं, मालकाला पैशांची निकड आहे. ही निकड तीन-तीन वर्षं टिकते, आणि तेवढी वर्षं किंमतही जागची हलत नाही.

उत्तर जकार्तातलं केलापा गाडिंग हे अशा जाहिरातींचं माहेरघर. 1970च्या दशकापर्यंत इथे दलदल आणि भातखाचरं होती. 1975 साली स्थापन झालेल्या सुमारेकोन कंपनीने दहा हेक्टरांपासून सुरुवात केली, आणि आता मॉल, शाळा, रुग्णालयं अशी सगळी जत्रा आहे. गल्ल्यांना नावं नारळाच्या जातींची: केलापा हिब्रिडा, केलापा कोप्योर, केलापा चेंगकिर. कोकणातल्या माणसाला नुसता पत्ता सांगतानाच भरून यावं. प्रत्यक्ष माड मात्र शोधावा लागतो. 1 डिसेंबर 2019पासून इथे एलआरटी, म्हणजे हलकी मेट्रो, रीतसर धावते: पेगांग्सान दुआ ते वेलोड्रोम, 5.8 किलोमीटर, सहा स्थानकं, तिकीट 5,000 रुपिया. हिच्यात गर्दीच्या वेळीही बसायला जागा मिळते, त्यावरून ती कुठवर नेते ते ओळखावं. पुढे मांगाराईपर्यंत वाढवण्याचं काम निघालं आणि दलालांनी त्या न झालेल्या प्रवासाचे पैसे किमतीत आधीच लावून टाकले.

पण दलदल आपला हक्क सोडत नाही. 2002, 2007, 2020 ही इथल्या पुराची सालं लोक नातवंडांच्या जन्मसालांसारखी सांगतात. 1 जानेवारी 2020ला जकार्तातल्या हालिम विमानतळावर चोवीस तासांत 377 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. 26 जुलै 2005चे 944 मिलिमीटर अंगावर घेतलेला मुंबईकर यावर मिशीतल्या मिशीत हसेल. त्याने हसू नये. उत्तर जकार्ता भूजलाच्या उपशाने खचत आलंय, त्यामुळे पाणी उताराने समुद्रात जाईल हा भरवसा नाही. ते पंपाने उचलून टाकावं लागतं. म्हणजे घराचा कोरडेपणा अमुक एका पंपाच्या तब्येतीवर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या तारेवर अवलंबून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इथे आधी पाणी बघायचं, मग कागद, आणि घर सगळ्यात शेवटी. दलाल घर दाखवतो ऑगस्टमध्ये, कडक उन्हात. आपण जायचं जानेवारी-फेब्रुवारीत, इथल्या भर पावसाळ्यात, रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी. तेवढी सवड नसेल तर भिंती वाचायच्या. सगळी भिंत जुनाट आणि खालचा मीटरभर पट्टाच ताजा रंगवलेला असेल, तर ते रंगाऱ्याचा डबा संपला म्हणून नव्हे हे नक्की. प्लगची भोकं छातीच्या उंचीवर असतील तर ती उंच मालकाच्या सोयीसाठी नाहीत. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी खाचा असतील तर तिथे पावसाळ्यात लोखंडी फळी सरकवतात. शेजारच्या, न विकायच्या घराची भिंत जास्त खरं बोलते, कारण तिला कुणी शिकवलेलं नसतं.

मग रस्ता बघायचा. पालिका दर काही वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर चढवते, जुना खरवडायची फुरसत कुणाला? त्यामुळे रस्ता वाढत्या वयाच्या मुलासारखा उंच होत जातो आणि जुनी घरं आपोआप खड्ड्यात जातात. फाटकातून आत शिरताना पायरी उतरावी लागली तर पाणीही तीच पायरी वापरणार. काही मालक यावर उपाय म्हणून जमीन भरून घेतात. फरशी वर आली, छत तिथेच राहिलं, आणि पंखा फिरताना उंच पाहुण्याने वाकून चालायचं. ‘पूर रस्त्यावरच येतो, घरात नाही’ असं कुणी सांगितलं तर ते बहुधा खरं असतं. फक्त त्या दिवशी आपण गाडीसकट घरातच राहायचं. जाणते लोक मोठ्या पावसाचा रंग दिसला की गाडी मॉलच्या वरच्या मजल्यावर पार्क करून येतात आणि चालत घरी जातात. हे शहाणपण भाजीवाला, फाटकावरचा सातपाम, म्हणजे रखवालदार, आणि मोटारसायकल-टॅक्सीवाला यांच्याकडून मिळतं. चहाच्या भावात, दलालाच्या टक्केवारीत नाही.

पाण्यातून वाचलेल्या घराला वाळवी असते. लाकडी चौकट बोटाच्या मागच्या बाजूने ठोकायची. भरीव टक्‌ ऐवजी पोकळ डब्यासारखा आवाज आला की आत फक्त रंग उरलाय. नवी चौकट अॅल्युमिनियमची घालावी, सागवानाचा हट्ट रत्नागिरीला. दुसरा प्रकार फरशीचा. टाइल्स सांधे न सोडता चिकटून बसवल्या की उष्णतेने फुगून एखाद्या दुपारी फटाक्यासारखा आवाज करत रांगच्या रांग तंबूसारखी उभी राहते. घरं भिंतीला भिंत लावून असल्याने दोन छपरांच्या मधल्या पन्हाळीत आंब्याची पानं अडकतात, आणि गळतं मात्र आपल्या पलंगावर. कुणाची पन्हाळ, या वादाला तोड नाही. ऑक्टोबर उजाडायच्या आत आपणच शिडी लावून साफ करावी हे स्वस्त.

आता कागद. 1960च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, मिळत नाही. मिळतो ‘हाक पाकाई’, वापराचा हक्क: 30 वर्षं, मग 20ची मुदतवाढ, मग 30चं नूतनीकरण. एकूण 80. चाळिशीत घर घेणाऱ्याने याची काळजी करू नये, मुदत त्याला पुरून उरेल. त्यासाठी इमिग्रेशनची वैध कागदपत्रं हवीत, कुटुंबाला एकच घर, आणि जकार्तात जमिनीसह घराची किमान किंमत 5 अब्ज रुपिया, फ्लॅटची 3 अब्ज. पाच अब्ज म्हणजे पाचावर नऊ शून्यं. ऐकून छाती दडपते, पण आपल्या रुपयांत ते अडीच-पावणेतीन कोटीच्या घरात येतं, म्हणजे पार्ल्याच्या माणसाची छाती लगेच सुटते. हक्काला लागणारी पात्रता संपली, बदली होऊन देश सोडला, तर वर्षाच्या आत तो हक्क दुसऱ्याला द्यायचा.

इथे बहुतेकांना एक नामी युक्ती सुचते: घर घ्यायचं ड्रायव्हरच्या किंवा मित्राच्या नावावर, आणि आपसात एक गुपचूप करार करून ठेवायचा. ही युक्ती कायदा करणाऱ्यांना आपल्या आधी सुचली होती. त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे असा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शिवाय ड्रायव्हरच्या बायकोला स्वयंपाकघर आवडलं तर? इंडोनेशियन जोडीदार असलेल्यांचीही गंमत आहे: मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर जोडीदाराची पूर्ण मालकीही धोक्यात येते. पूर्वी तो करार लग्नाआधीच करावा लागे. 2016मध्ये घटना न्यायालयाने नंतरही करायची मुभा दिली. अक्षता पडून गेल्यावर शहाणपण येणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय.

व्यवहार नोतारिससमोर होतो, नीट सांगायचं तर जमिनीचे दस्त करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यासमोर. बहुतेकदा दोन्ही पाट्या एकाच दारावर असतात. त्याच्याकडून आधी जमीन कार्यालयात प्रमाणपत्र तपासून घ्यायचं. सरकारी शुल्क 50,000 रुपिया, म्हणजे दोन वाट्या बाक्सो, मांसाच्या गोळ्यांचं सूप. तेवढे वाचवून पाच अब्ज अडकवणारे लोक आहेत. प्रमाणपत्र ‘हाक गुना बांगुनान’चं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या बांधकाम-हक्काचं, असेल तर मुदत कधी संपते ते पान उघडून वाचावं, दलाल ते पान अंगठ्याखाली धरून दाखवतो. मग हिशेब: खरेदीदाराचा कर 5 टक्के, जकार्तात पहिल्या खरेदीला 25 कोटी रुपिया वजा करून. म्हणजे पाच अब्जांच्या घरावर 23 कोटी 75 लाख. दस्ताचं शुल्क जास्तीत जास्त 1 टक्का. विकणाऱ्याचा आयकर अडीच टक्के, जो विकणाऱ्याने द्यायचा असतो आणि जो ‘निव्वळ किंमत’ या गोड शब्दाआडून आपल्याच गळ्यात मारला जातो.

घरात शिरल्यावर खरा मालक भेटतो, तो म्हणजे विजेचा मीटर. बहुतेक घरांना 2,200 व्होल्ट-अँपिअरची जोडणी, म्हणजे 10 अँपिअरचा ब्रेकर. साधारण पाऊण टनाचे, इथल्या भाषेत ‘एक पे-का’चे (एक अश्वशक्तीचे), दोन एसी मिळून सोळा-सतराशे वॅट घेतात. त्यात पुण्याहून उचलून आणलेला 750 वॅटचा मिक्सर खोबऱ्याची चटणी वाटायला लावला की ‘जेगलेक’, घर अंधारात. म्हणून चटणीच्या वेळी बेडरूमचा एसी बंद, इस्त्रीच्या वेळी चटणी बंद. जोडणी वाढवून घेता येते. 3,500 किंवा त्याहून वर गेलं की युनिटचा दरही 1,444.70 रुपियावरून 1,699.53 वर जातो. मीटर प्रीपेड. एक लाख रुपियाचं टोकन घेतलं की साधारण 67 युनिट येतात आणि वीस आकडी नंबर मिळतो. तो बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरमध्ये दाबायचा, शक्यतो पावसात, छत्री मानेत धरून. अठराव्या आकड्याला बोट घसरलं की पडद्यावर ‘गागाल’ उमटतं, नापास. शिल्लक कमी झाली की मीटर टीं-टीं करून साऱ्या गल्लीला सांगतो. रात्री दोनला ही दवंडी सुरू झाली की सकाळी शेजारच्या बू, म्हणजे बाई, आपुलकीने विचारतात, टोकन संपलं वाटतं? तुमची आर्थिक परिस्थिती इथे बँकेआधी गल्लीला कळते.

गल्लीचा राजा म्हणजे पाक एर-ते, आसपासच्या घरांचा निवडलेला प्रमुख. कोपऱ्यावरची पाटी सांगते की पाहुणा चोवीस तासांहून जास्त राहिला तर कळवणं सक्तीचं. म्हणजे सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या की त्यांच्या पासपोर्टची प्रत घेऊन जावं लागतं, आणि त्या कधी परत जाणार हे विचारायचं धाडस जगात फक्त पाक एर-तेमध्ये असतं. कचरा आणि सुरक्षेची वर्गणी महिन्याची. 17 ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाची वेगळी, आणि तिची यादी कुणी किती दिले त्यासकट व्हॉट्सअॅपवर फिरते. रविवारी सकाळी सातला ‘कर्जा बक्ती’, म्हणजे सगळ्यांनी मिळून गटार उपसणं. झाडू घेऊन अर्धा तास दिसलात तर वर्षभर पार्किंगवरून कुणी भांडत नाही. गॅरेज असल्याशिवाय गाडी घेऊ नये असा जकार्ताचा 2014चा नियम आहे. तो नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर आहेत.

शांत वस्ती हवी असेल तर आधी एक संध्याकाळ त्या गल्लीत नुसतं बसावं. पावाची तीनचाकी गाणं वाजवत येते, बाक्सोवाला वाडग्यावर चमचा टिंग-टिंग करतो, तळलेल्या गोल टोफूची गाडी भोंग्यावर स्वतःची किंमत सांगते. रात्री दहाला नूडल्सवाला कढईवर टक-टक करत जातो. या सगळ्यांत पुतूवाला मला कायम माफ आहे: बांबूच्या नळकांड्यात तांदळाचं पीठ, आत गूळ, वाफ भोकातून जाताना एकसुरी शीळ घालते, आणि वर ओलं खोबरं. तो ज्या गल्लीत येतो तिथे चौरस मीटरमागे थोडं जास्त द्यायला हरकत नाही.

आता गुंतवणूक. पूर्ण घर भाड्याने दिलं तर वर्षाचे, कधी दोन वर्षांचे पैसे एकरकमी हातात येतात आणि त्यावर 10 टक्के आयकर. पन्हाळीचा खर्च वजा होत नाही. म्हणून लोक ‘कोस’कडे वळतात, म्हणजे घराच्या तीन बाय तीन मीटरच्या खोल्या पाडून नोकरदार मुला-मुलींना देणं. यात हिशेब खोल्यांचा करतात आणि घोडं मोटारसायकलींपाशी अडतं. आठ खोल्या म्हणजे आठ मोटारसायकली, प्रत्येकीला वळायच्या जागेसकट दोन चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन खोल्यांएवढी जमीन गाड्यांनाच गेली. सकाळी सहाला आठही जण एकदम आंघोळीला जातात, तेव्हा हजार लिटरची टाकी साताच्या आत खडखडीत. टाक्या दोन हव्यात आणि पंपही सुटा हवा. प्रत्येक खोलीला वेगळा मीटर लावा. वीज भाड्यात धरली की भाडेकरू एसी सोळावर ठेवतो, जाड पांघरूण घेतो आणि ऑफिसला जाताना तो तसाच चालू ठेवतो, कारण संध्याकाळी आल्यावर खोली गरम लागते. शेजाऱ्यांच्या संमतीच्या सह्या मात्र बांधकामाआधीच घेऊन ठेवाव्यात. त्या मागायला जाताना हातात काहीतरी खायचं न्यावं, आणि रात्री दहाला फाटक बंद करण्याचं कबूल करूनच परतावं.