सहावीनंतरही पालकांचं शाळेत काम असतं

शाळा सुरू व्हायची वेळ आली की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो. त्याचं सार असं: मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत गेलं की पालकांनी बाजूला व्हावं. अभ्यास त्यांच्या आवाक्याबाहेरचा, शाळा सरकारची, मुलंही आता मोठी झाली, आणि पालक शाळेत शिरले की मागोमाग गावचं राजकारण शिरतं. चांगली शिकलेली माणसंही हा मजकूर पुढे ढकलतात, म्हणून उत्तर देते आहे.

आधी अभ्यासाचं. सातवीचं समीकरण आईबापांना सुटत नसेल, मान्य. पण ते सोडवा असं त्यांना कोण म्हणतंय? शिकवणं शिक्षकांचंच काम आहे. गणिताचे गुरुजी आहेत का, हे विचारायला मात्र गणित यावं लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्गामागे किमान एक शिक्षक सांगितला आहे. त्यांत गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक हवा. वर्षाला २२० दिवस आणि १००० तास शाळा भरायला हवी. दिवस मोजायला पदवी लागत नाही. दुपारच्या जेवणात या वयाच्या मुलासाठी १५० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात. वरण नुसतं पाणी आहे की त्यात डाळ आहे, हे रोज चूल पेटवणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार? अशा आईला ‘अडाणी’ म्हणून शाळेच्या दारातूनच परत पाठवणं मला संतापजनक वाटतं.

शाळा सरकारची, हे अर्धंच खरं. २०१० पासून लागू असलेल्या या कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्याकडे अध्यक्षही पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचं कर्तव्य आहे. तेव्हा पालक शाळेत गेले तर ती लुडबूड कशी?

राजकारणाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सरपंचाच्या ओट्यावर समितीची नावं ठरतात, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात, जिची निवड झाली त्या बाईला ते नंतर कळतं. असं घडतं. पण ते घडतं पालकसभेला चार टाळकी असतात म्हणून. सभागृह भरलेलं असताना नावं खिशातून काढता येत नाहीत. आणि शिक्षकांवर ओरडायलाच येणारे पालक? त्यांना इतर पालकांनीच थांबवावं.

‘मुलं मोठी झाली’ हा या मजकुरातला सगळ्यात घातक भाग. अकरा ते चौदा हेच शाळा सुटण्याचं वय. गावातली शाळा चौथी-पाचवीला संपते, पुढची दुसऱ्या गावात, आणि वाटेची भीती म्हणून मुलगी घरी बसते. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास असतो, पण बस शाळेच्या वेळेला यावी म्हणून आगाराकडे पाठपुरावा कोण करणार? दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ऊसतोडीला निघतं. मूल मागे ठेवायचं तर हंगामी वसतिगृहाची मागणी आधीच करावी लागते. आठवीत एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला मूल एकटं तहसीलला जाणार आहे का? शिवाय राज्यात आता आठवीच्या वार्षिक परीक्षेत आणि मग पुनर्परीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. हे मार्चमध्ये कळून काय उपयोग?

एक अडचण खरी आहे, आणि ती त्या मजकुरात नेमकी नाही. सकाळी अकराच्या बैठकीला यायचं तर मजुराचा रोज बुडतो. त्यावर उपाय समितीच्याच हातात आहे: बैठक संध्याकाळी किंवा कामाच्या सुट्टीच्या दिवशी घ्यायचा ठराव करा. त्या बैठकीत आधी एवढंच विचारा, गणित-विज्ञानाची जागा भरलेली आहे का? नसेल तर पंचायत समितीकडे मागणीचं पत्र कधी गेलं, आणि त्याची पोच कुठे आहे?