आराम करायचा तर पहाटे उठावं लागतं

पहिली क्रूझ करून आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो दमलेला असतो. सात दिवसांत चार बंदरं, तीन शो, दोन वेळा पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली, आणि घरी आल्यावर म्हणतो, 'मजा आली हो, पण आता दोन दिवस सुट्टी हवी.' तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या अकरा क्रूझ झाल्यात. सगळ्या फ्लोरिडातल्या मायामीहून नाहीतर फोर्ट लॉडरडेलहून सुटणाऱ्या आणि कॅरिबियनमध्ये फिरून पुन्हा तिथेच येणाऱ्या. म्हणजे अकरा वेळा मी भरपूर डॉलर मोजून जिथून निघालो तिथेच येऊन पोचलोय. इतका अनुभव न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या मराठी मंडळात दुसऱ्या कोणाकडे नाही.

बोटीचे आकडे आधी पाठ करा. 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४मध्ये मायामीहून निघाली. लांबी ३६५ मीटर, वीस मजले, गच्च भरली तर साडेसात हजार प्रवासी. टायटॅनिक २६९ मीटरची होती. ग्रॉस टनेजमध्ये ही तिच्या पाचपटीहून मोठी. इथे कोणीतरी हमखास म्हणतं, 'बाप रे, एवढं वजन!' मग तुम्ही हळूच सांगायचं, की ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, ते आतल्या जागेचं माप. समोरचा गप्प होतो. मी या बोटीवर गेलेलो नाही, पण गप्पांना तेवढं पुरतं.

सामान भरताना एकच चूक टाळा, जी मी दर वेळी करतो. बोटीवर इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, पाणी तापवायची कॉइल, किटली, राइस कुकर असलं काहीही चालत नाही. समुद्रात आग लागली तर पळायला गल्ली नसते, म्हणून. कारण पटतं. पण सकाळी सहाला आपल्या हाताचा, आलं ठेचून घातलेला चहा ही काही चैन नव्हे, ती प्रकृती आहे. म्हणून मी किटली लोकरीच्या मोज्यात घालून, मोजा बुटात आणि बूट सुटकेसच्या तळाशी ठेवतो. क्ष-किरणांना मोजे दिसत नाहीत, किटली दिसते. ती काढून घेतात, चिठ्ठी लावतात आणि शेवटच्या दिवशी उतरताना परत देतात. त्या टेबलावर एकदा सतरा इस्त्र्या, अगणित वायरी आणि तीन किटल्या मांडलेल्या होत्या. तिन्ही किटल्या आपल्याच लोकांच्या. मालकांनी एकमेकांकडे बघितलं नाही. चिवडा आणि बाकरवडीची बंद पाकिटं मात्र सोडतात.

खोली बिनखिडकीची घ्या. समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो, तो खोलीतूनही दिसावा म्हणून वेगळे पैसे कशाला? टीव्हीवर एक वाहिनी असते, तिच्यावर बोटीच्या नाकावर बसवलेला कॅमेरा चोवीस तास समुद्र दाखवतो. आम्ही तो लावून ठेवतो. स्क्रीन काळी म्हणजे रात्र, करडी म्हणजे पहाट. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर असली तर डुलणंही कमी जाणवतं. तरी मळमळलंच तर बोटीवरचे लोक हिरवं सफरचंद देतात. आपण आलेपाक खावा.

सुटण्याआधी आपत्कालीन कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझची बोट कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याआधी ही कवायत प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत उरकली तरी चालायचं. हिच्याबद्दल माझ्याकडे काही युक्ती नाही. गुपचूप जाऊन येतो.

आता मुख्य विषय, आराम. आरामाला खुर्ची लागते. पोहण्याच्या तलावाभोवती लांबलचक पाठीच्या खुर्च्या असतात, त्या माणसांच्या मानाने कमी, आणि साडेआठला गेलात तर सगळ्यांवर टॉवेल पडलेले असतात. टॉवेल आहे, माणूस नाही. नवखा प्रवासी इथे चिडतो. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्यात ज्याची हयात गेली, त्याने चिडायचं कारण नाही. आपला पाया पक्का आहे. फक्त पहाटे साडेपाचला उठायचं. तेव्हा खलाशी डेक धूत असतात, अंधार असतो, आणि टेक्सासचे एक आजोबा असेच काखेत टॉवेल घेऊन आलेले असतात. आम्ही सीमेवरच्या दोन जवानांसारखी मान हलवतो आणि आपापल्या बाजूला जातो. मी टॉवेल पसरतो, त्यावर चपला आणि चपलांवर दिवाळी अंक पालथा. चपला उचलून बाजूला ठेवणारे लोक असतात. पण उघड्या पुस्तकाचं पान हरवायची हिंमत कोणी करत नाही.

यातही हल्ली विघ्नं आलीत. काही बोटींवर कर्मचारी रिकाम्या खुर्चीवर वेळेचं स्टिकर लावतात आणि चाळीसेक मिनिटांत माणूस आला नाही तर टॉवेल उचलतात. म्हणून मी दर पस्तीस मिनिटांनी जाऊन अंकाचं एक पान उलटून येतो. मध्ये नाश्ता, मध्ये अंघोळ. असे आठ दिवसांत दोन दिवाळी अंक संपले. त्या खुर्चीवर मी प्रत्यक्ष कधी पडलो का? नाही. ऊन फार असतं.

खाण्याबद्दल काय सांगावं? लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारं कोणीतरी असायचं. इथे कोणी नसतं, म्हणून आपणच आपल्याला आग्रह करायचा. ताटात डावी-उजवी बाजू वगैरे काही राहत नाही, केकला कोळंबी लागते. शाकाहाऱ्यांनी पहिल्या रात्रीच हेड वेटरला गाठावं. मुदपाकखान्यात बहुतेक वेळा एखादा भारतीय आचारी असतो, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ-भाजी मिळते. बायकोने एकदा सांगितलं, 'डाळ पातळ, गूळ थोडा.' तिसऱ्या रात्री आमच्या टेबलावर आमटी आली. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईंनी विचारलं, हे सूप मेन्यूत कुठे आहे?

पिण्याचं पॅकेज, म्हणजे रोजचे ठरावीक पैसे भरून ग्लासामागे वेगळे न देता प्यायचं, ते घेणाऱ्यांनी नियम वाचून घ्या. बऱ्याच कंपन्यांत खोलीतल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आमच्या घरी फक्त मी घेतो, तेही दोनच ग्लास. हिशेब केला तर दोघांचे पैसे वसूल व्हायला रोज बारा ग्लास व्हायला हवेत. बायकोने रोज सहा वेळा अननस-नारळाचं बिनदारूचं सरबत प्यावं असं मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, 'तुझे पैसे तू वसूल कर.' त्या क्रूझचे शेवटचे दोन दिवस मला नीटसे आठवत नाहीत. पण हिशेब जुळला होता.

बंदर आलं की उतरू नका. हा माझा सगळ्यात मोलाचा सल्ला. लोकांना वाटतं, बोट आपल्याला गाव दाखवायला थांबते. अमेरिकेत १८८६चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडता येत नाहीत, आणि निघाल्या बंदरी परत यायचं असलं तरी वाटेत अमेरिकेची बंदरं घेतली तर एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. या बोटींवर झेंडा बहुतेक बहामाचा नाहीतर पनामाचा. म्हणून सिएटलहून अलास्काला जाऊन येणारी बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबते. कायदा पाळायचं काम बोट करतेय, तर आपण कशाला बूट घालायचे? लोक उतरले की वरचा गरम पाण्याचा हौद रिकामा असतो. बहामाची राजधानी नसाऊ मी चार वेळा पाहिलंय. चारही वेळा अकराव्या मजल्यावरून, कठड्याला टेकून. छान आहे.

बायको उतरते. नसाऊला एक जिना आहे, राणीचा जिना म्हणतात. चुनखडीच्या कातळात गुलामांनी अठराव्या शतकाच्या शेवटी खोदलेला, ६६ पायऱ्यांचा. ती मोजून आली आणि म्हणाली, पासष्टच भरल्या. मग तिने कोणाला तरी विचारलं, तर सगळ्यात खालची पायरी रस्ता करताना गाडली गेलीय. मी म्हटलं, बघ, इतकी पायपीट करून एक पायरी कमीच. संध्याकाळी ती बराच वेळ त्या कातळावरच्या छिन्नीच्या खुणांबद्दल बोलत होती. माझं लक्ष खुर्चीकडे होतं, टॉवेल हलल्यासारखा वाटला.

एकदाच उतरलो, कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर. तिथे मोठ्या बोटी धक्क्याला लागत नाहीत. बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या टेंडर बोटी माणसांना किनाऱ्यावर नेतात. दारात उभा राहिलो, खाली ती बोट वरखाली होत होती, एकाने हात धरला आणि म्हणाला, 'नाऊ!' आणि मला एकदम बाबा आठवले. ते भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याच्या बोटीने गावी जायचे. डेकवर वळकटी पसरायची, शेजारी कोणाच्या आंब्याच्या करंड्या, कोणाची कोंबडी. बऱ्याच बंदरांत बोट बाहेरच उभी राहायची, पडाव यायचा, आणि लाटेने पडाव वर आणला की उडी. बाबांच्या कडेवर मी असायचो. आईने डोळे मिटलेले असायचे. पावसाळ्यात बोटीच बंद. तेव्हा डेकवर बसणारा सगळ्यात गरीब प्रवासी असायचा. आता डेकवरच्या खुर्चीसाठी मी पहाटे उठतो, हे बाबांना सांगितलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. बाबांच्याही आधीच्या पिढीत समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. ती प्रथा गेलेली नाही. फक्त आता ते क्रेडिट कार्डाच्या बिलातून वळतं होतं.

आणखी एक. खोली आवरणाऱ्या पोराला 'घरी कोण कोण असतं' असं कधी विचारू नका. आराम बिघडतो. या लोकांच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि देश लिहिलेला असतो. 'इंडिया' वाचलं की आपल्याला राहवत नाही. मागच्या क्रूझला मी विचारलं. पोरगा मालवणच्या बाजूचा निघाला. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, सकाळ-संध्याकाळ खोल्या. मुलगी पाच महिन्यांची, अजून फोनवरच बघितलेली. हे सगळं त्याने मला टॉवेलचा हत्ती करता करता सांगितलं. सोंड वळवली, माझा चष्मा उचलून हत्तीला घातला आणि पुढच्या खोलीत गेला. त्या रात्री हत्ती मोडून अंग पुसायला मला जमलं नाही. ओल्या अंगानेच झोपलो. म्हणून म्हणतो, विचारू नका.

राहता राहिला शेवटच्या रात्रीचा सल्ला, फक्त सराईतांसाठी. रोजची बक्षिशी माणशी १६ ते २० डॉलर आपोआप तुमच्या खात्यावर चढत असते. सात दिवसांचे दोघांचे अडीचशेच्या आसपास. काउंटरवर जाऊन सांगितलं तर काही कंपन्या ती कमी करतात किंवा काढूनही टाकतात. बहुतेकांना हे माहीतच नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांची शेवटच्या रात्री तिथे रांग लागते. शिस्तीची रांग. सगळ्यांचे डोळे आपापल्या फोनवर, कोणी कोणाशी बोलत नाही. मीही उभा होतो, पुढे फक्त तिघे राहिलेले, काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलेलं. तेवढ्यात खांद्यावर टॉवेलची चळत घेऊन तो पोरगा समोरून गेला, पुढे जाऊन थबकला आणि मागे वळला.

'काका, तुमी हंय खंय? काय प्रॉब्लेम झालो काय?'

'नाही रे,' मी म्हटलं. 'किटली कधी परत मिळते ते विचारायचं होतं.'

'किटली?' तो हसला. 'ती उद्या सकाळी, उतरताना गावतली.'

मी रांगेतून बाहेर पडलो. किटली सकाळी मिळाली. झाकणावर पोचा आलाय, पण चालते.