वहिनींचा पगार हिशेबात धरा

नमस्कार दादा,

महापालिकेच्या शाळांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही सविस्तरच देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही घोडबंदर रोडला राहता, मुलीला दुसरीनंतर शाळेतून काढलंत आणि घरीच शिकवता. पुस्तकं, ऑनलाइन क्लास, चित्रकला, पोहणं सगळं धरून वर्षाला ४० हजारांत भागतं. उलट महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या बजेटला पटसंख्येने भागलं तर एका मुलामागे कितीतरी जास्त पैसे जातात, आणि तिथे मुलं 'खिचडीसाठी' येतात. मग तोच पैसा पालकांच्या हातात का देऊ नये, असा तुमचा सवाल आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत मध्येच एक वाक्य आहे, 'मिसेसने ऐरोलीची आयटीतली नोकरी सोडली.' ४० हजारांच्या हिशेबात ती नोकरी मला कुठेच सापडली नाही.

वहिनींना पगार किती होता ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून महिना ५० हजार धरून चालते. वर्षाचे ६ लाख झाले. पीएफ, दरवर्षीची पगारवाढ, पुढे पुन्हा नोकरी शोधताना बसणारा फटका, हे सगळं बाजूला ठेवलं तरी तुमच्या घरच्या शाळेचा खर्च वर्षाला ६ लाख ४० हजार आहे. आता शाळेचं बघू. बाईंना महिना ८० हजार पगार आहे असं धरा, म्हणजे वर्षाचे ९ लाख ६० हजार. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक. एका मुलाच्या वाट्याला ३२ हजार आले. त्यावर इमारत, वीज, शिपाई, पुस्तकं, गणवेश, जेवण चढवा. हवं तर आकडा तिप्पट करा. तरीही तो लाखाच्या आत राहतो.

शिकवण्यात खरा पैसा जातो तो मोठ्या माणसाच्या वेळेचा. शाळेत त्याला पगार म्हणतात, म्हणून बजेटात दिसतो आणि डोळ्यांत खुपतो. घरात तो वेळ बहुतेक वेळा आईचा असतो, म्हणून त्याची किंमत शून्य. या शून्याचा मला मनापासून राग येतो. वहिनींनी हा निर्णय स्वतःच्या मर्जीने घेतला असेल तर मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांचं काम फुकट आहे असं धरून, शाळेत दिवसभर शिकवणाऱ्या दुसऱ्या बाईच्या पगाराला उधळपट्टी म्हणू नका.

घरी शिकवण्यालाच माझा विरोध आहे, असं तुम्ही गृहीत धरलंत. तसं नाही. शाळेत पाच-सहा तास चालणारा अभ्यास घरी दोन तासांत होतो हे तुमचं निरीक्षण खरं आहे, एकास एक शिकवलं की तसंच होतं. काही मुलांना शाळा खरोखरच सोसत नाही. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच आला. बाकीच्यांसाठी एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून द्यायला १७ नंबरचा फॉर्म आहे. वाटा आहेत, आणि त्यांवरून मुलं नीट पुढेही जातात. मुद्दा एवढाच की ज्या घरात दोघांपैकी एकाचा पगार सोडणं परवडतं, त्याच घराला ही वाट मोकळी आहे.

आता खिचडी. दादा, हो, काही मुलं खिचडीसाठी येतात. मी कोपरखैरणेला राहते, माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवीला आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. (या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात.) तिच्या वर्गात एपीएमसीच्या घाऊक बाजारात पोती उचलणाऱ्या माथाड्यांची मुलं आहेत, नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्यांची आहेत. आई सकाळी सहाला घरकामाला बाहेर पडलेली असते, मूल चहा-बिस्किटावर शाळेत येतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा नियम आहे. पोट भरल्यावर ते मूल भागाकार शिकतं. यात कमीपणा कसला? भुकेलं मूल अन्नासाठी शाळेत आलं आणि बाराखडी घेऊन घरी गेलं, तर त्या शाळेने दोन्ही कामं केली.

आणि महापालिकेच्या शाळेत नाइलाज झाल्याशिवाय कुणी मूल घालत नाही, असा समज असेल तर तोही बरोबर नाही. नवी मुंबई महापालिकेने सीवूड्स आणि कोपरखैरणेत सीबीएसईच्या शाळा काढल्या. तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, म्हणून प्रवेशासाठी सोडत काढावी लागते.

'मी कर भरतो आणि मला काहीच मिळत नाही' हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकते. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर असतो, इन्कम टॅक्सवर आरोग्य आणि शिक्षणाचा ४ टक्के उपकर असतो, मान्य. पण माथाडी कामगारही मोबाइलच्या रिचार्जवर तुमच्याइतकाच १८ टक्के जीएसटी भरतो. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातला मुद्दा हाच होता: तिजोरीत पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षणाचा कर आपल्याच मुलापुरता वसूल व्हावा हा विचार त्या मागणीच्या बरोबर उलटा आहे.

बरं, पैसे पालकांच्या हातात दिले असं समजू. वर्गातलं एक मूल गेलं म्हणून बाईंचा पगार तिसाव्या हिश्शाने कमी होत नाही, छताची गळती थांबत नाही. वाचतं काहीच नाही. मुलं बऱ्याच संख्येने गेली की मात्र संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, पट घसरलेला दिसतो, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसऱ्या शाळेत त्याचं समायोजन होतं. मागे राहिलेल्या मुलांना मग दोन-दोन वर्ग एकत्र बसवून शिकवतात. तुमच्या हातात आलेले पैसे त्या मुलांच्या बाईंमधून वजा झालेले असतील.

सरकारी शाळांत सगळं छान चाललंय असं मी लेखातही म्हटलेलं नव्हतं. निवडणूक आली की शिक्षक मतदार याद्या घेऊन दारोदार फिरतात, आणि तेवढे दिवस फळा कोरा राहतो. यावर भांडायला हवं, आणि ते भांडण तुमच्यासारखे शिकलेले, प्रश्न विचारणारे पालक बाहेर पडले की लंगडं होतं. मला तुमच्याशी सगळ्यात जास्त मतभेद याच बाबतीत आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत की उद्या मुलीला सातवीत शाळेत घालावंसं वाटलं तर दारं बंदच ना. नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वाचा: सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्ग मिळतो, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत राहतं, मधे वयाची चौदा वर्षं उलटली तरी. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. खासगी शाळा 'जागा भरल्या' म्हणू शकते, पण तुमच्या मुलीला शाळा मिळवून देणं ही महापालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे. जूनच्या आधी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, मुलीच्या वह्या सोबत न्या, म्हणजे कोणत्या विषयात काय झालंय ते त्यांना कळेल. वहिनींनाही बरोबर न्या, शिकवलंय त्यांनी.