‘नुसता कॅमेरा लावला’ म्हणून युद्धनाटक उभं राहिलं नाही

सुरुवातीच्या लाइव्ह टीव्ही नाटकांबद्दलचा एक मजकूर सध्या नाटकवाल्यांमध्ये बराच फिरतो आहे. आशय असा, की तेव्हा निर्माते रंगमंचासमोर कॅमेरा ठेवून मोकळे व्हायचे. पडद्यावर दिसायचं ते सगळं त्याच क्षणी समोर घडायचं. लाइव्ह असल्यामुळे कुणाला कात्री लावता यायची नाही. आणि पुढे बीबीसीने टेप पुसल्या म्हणून आज यातलं काही बघायला मिळत नाही. दाखला दिला जातो तो १९३७ साली बीबीसीने दाखवलेल्या ‘जर्नीज एंड’ या नाटकाचा. दाखला चांगला आहे, कारण यातले बहुतेक दावे त्या एका प्रयोगापुढेच टिकत नाहीत.

आधी प्रयोगाविषयी. नाटककार आर. सी. शेरिफ स्वतः पहिल्या महायुद्धात लढला होता, जखमी झाला होता. मार्च १९१८, सेंट क्वेंटिनजवळची आघाडी, जर्मन हल्ला कधीही होईल अशी अवस्था आणि जमिनीखालच्या निवाऱ्यात अडकलेले ब्रिटिश अधिकारी, एवढंच त्याचं नाटक. ११ नोव्हेंबर १९३७ला, युद्धविरामाच्या एकोणिसाव्या स्मृतिदिनी, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून निर्माता जॉर्ज मोर ओ’फेरॉलने ते थेट प्रक्षेपित केलं. त्या अधिकाऱ्यांचा प्रमुख कॅप्टन स्टॅनहोप झाला होता रेजिनाल्ड टेट. बीबीसीची टीव्ही सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

आता ‘रंगमंचासमोर कॅमेरा’. मुळात तिथे रंगमंच नव्हता. स्टुडिओ होता, आणि तोही आपल्या एखाद्या शाळेच्या सभागृहाएवढा. त्यात नेपथ्य, रणरणते दिवे, केबलींचे वेटोळे, माइकचा लांब दांडा आणि एकाहून अधिक कॅमेरे. या एमिट्रॉन कॅमेऱ्यांना झूम नव्हता. चेहरा जवळून दाखवायचा तर कॅमेराच नटाजवळ न्यावा लागे, किंवा नटाने कॅमेऱ्याजवळ यायचं. कॅमेरामनला व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. तशा चित्राकडे बघत त्याने चालत्या नटाबरोबर राहायचं. कॅमेऱ्याच्या नळीत चित्राचा एक कोपरा उगाच उजळायचा, दुसरा काळवंडायचा. ते सावरायला नियंत्रण कक्षातले तंत्रज्ञ प्रयोगभर हात चालवत असायचे. शिवाय एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर झटक्यात उडी मारता येत नव्हती. एक चित्र हळूहळू विरायचं आणि दुसरं उमटायचं.

याचा अर्थ नाटकवाल्यांनी तरी नीट लक्षात घ्यावा. संवादाच्या कुठल्या शब्दाला चित्र बदलायला घ्यायचं, म्हणजे उत्तर देणाऱ्याचा चेहरा वेळेवर उमटेल, हे तालमीतच ठरवावं लागे. ‘जर्नीज एंड’ हे असल्या माध्यमाला मानवणारं नाटक होतं. ठेंगण्या छताचा निवारा, मेणबत्त्या, एक टेबल आणि भीती लपवणारी माणसं. थिएटरात दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला स्टॅनहोपचा आवाज पुरतो. टीव्हीचा पडदा मात्र छोटा, चित्र अवघ्या ४०५ आडव्या रेषांनी बनलेलं, म्हणून ढोबळ, आणि बघणारा चार हातांवर बसलेला. तिथे सगळी मदार चेहऱ्यावर. हे ज्याने जुळवून आणलं त्याने ‘नुसता कॅमेरा ठेवला’ म्हणणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे, आणि मला तो खरोखर लागतो.

‘सगळं त्याच क्षणी समोर घडायचं’ हेही खरं नाही. शेरिफच्या नाटकात युद्ध दिसत नाही, ऐकू येतं. ओ’फेरॉलने ते दाखवायचं ठरवलं आणि त्यासाठी जी. डब्ल्यू. पाब्स्टच्या ‘वेस्टफ्रंट १९१८’ या १९३०च्या जर्मन चित्रपटातली दृश्यं वापरली. म्हणजे ब्रिटिश सैनिकांच्या नाटकातली लढाई आली ती जर्मन चित्रपटातून, आणि तोही नात्झींनी १९३३मध्ये बंदी घातलेला चित्रपट. शेरिफने न दाखवलेलं दाखवावं का, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला ती लढाई निवाऱ्याबाहेर, कानांपुरतीच राहिलेली जास्त भिडते. पण लाइव्ह अभिनय आणि आधी चित्रित केलेली फिल्म यांची ही सांगड अपवाद नव्हती, कामाची पद्धत होती. फिल्म चालू असताना नटांना जागा बदलायला उसंत मिळायची; ती संपायच्या क्षणी पुढचा प्रवेश मात्र तयार हवा. ते गणित चुकलं तर सावरायला दुसरी संधी नाही.

कात्रीचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही, पण त्याचं उत्तर ब्रिटनबाहेर, अमेरिकेत आहे. १६ एप्रिल १९५९ला सीबीएस वाहिनीच्या ‘प्लेहाउस ९०’ या नाट्यमालिकेत ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’ दाखवलं गेलं. विषय नात्झी गुन्ह्यांचा खटला. प्रायोजकांमध्ये अमेरिकन गॅस असोसिएशन, घरगुती गॅसचा धंदा करणाऱ्यांची संघटना. छळछावण्यांमधल्या गॅसचा उल्लेख आला की प्रसारणात तेवढा आवाज बंद केला गेला. नटाचे ओठ हलले, शब्द गायब. लाखो माणसांना ज्याने मारलं त्याचं नाव जाहिरातदाराला अडचणीचं वाटलं. कात्री लावायला संकलनाचं टेबल लागतंच असं नाही. आवाजाच्या बटणावर एक बोट पुरतं.

राहता राहिल्या टेप. १९३७मध्ये व्हिडिओ टेप नव्हतीच, मग पुसणार काय? व्यवहारात उतरलेली व्हिडिओ टेप आली १९५६मध्ये, अमेरिकेत. त्याआधी चालू प्रसारणाचं फिल्मवर चित्रण करायची युक्ती निघाली, तीही दुसऱ्या महायुद्धानंतरची. ‘पुनःप्रसारण’ म्हणजे नटांनी पुन्हा येऊन सगळं नाटक पुन्हा करायचं. बीबीसीचं १९५४चं ‘नाइन्टीन एटी-फोर’ रविवारी झालं आणि त्याच आठवड्यात गुरुवारी तेच नट परत उभे राहिले. आज उपलब्ध आहे तो गुरुवारचा प्रयोग. बीबीसीने टेप पुसल्या हे खरं, आणि त्याबद्दल रागवावं तेवढं थोडंच. पण ते पाप १९६० आणि ७०च्या दशकांतल्या कार्यक्रमांच्या बाबतीतलं. ‘जर्नीज एंड’ त्या हिशेबात धरू नका.

त्यातला रेजिनाल्ड टेट मात्र लाइव्ह टीव्हीवर बघता येतो. १९५३ साली ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या सहा भागांच्या लाइव्ह मालिकेत प्रमुख भूमिका त्याचीच होती. पहिले दोन भाग फिल्मवर टिपले गेले आणि ते टिकले आहेत. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी त्यातला अर्धा तास बघा, आणि कॅमेरा कुठे आहे त्याकडे लक्ष ठेवा.