राखी बगळा, तुमचे कोई मासे आणि माझा चुकलेला सल्ला

नमस्कार दादा,

इंग्लंडमधल्या राखी बगळ्यावर मी लिहिलेलं वाचून तुम्ही चिडून लिहिलंत: "तुम्हाला पक्ष्याचं कौतुक, आमच्या माशांचं काय? बारा वर्षं वाढवलेले चार कोई एप्रिलमधल्या एका सकाळी गेले. तुम्ही सांगितलेला प्लॅस्टिकचा बगळाही काठावर उभा होता. असल्या पक्ष्याला गोळीच घालायला हवी."

प्लॅस्टिकच्या बगळ्याबद्दल माझं चुकलंच. ऐकीव गोष्ट मी खात्री न करता लिहिली. एक बगळा उभा दिसला की दुसरा फिरकत नाही, असा समज आहे. खरं तर तो बघून इथे मासे आहेत असंही दुसऱ्याला वाटू शकतं. तो सल्ला मी काढून टाकलाय. माफ करा.

मासे गेल्याचं दुःख मलाही ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पहाटे चहा ठेवायला उठले, तर खिडकीतून तो दिसला. कमरेएवढा उंच, मान खांद्यात ओढून घेतलेली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. पाच मिनिटं तसाच. बकध्यान म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मग मान कधी सुटली ते दिसलंच नाही, फक्त पाणी उडालं. मी दार उघडेपर्यंत तो कुंपणापार. गिळता न आलेला मासा कडेला आडवा पडला होता, पाठीवर एकच खोल भोक. हातात घेतला तेव्हा कल्ले हलत होते.

तरीही गोळीची भाषा मला मान्य नाही. 1981 च्या वन्यजीव कायद्याने इथे या पक्ष्याला संरक्षण आहे. आणि तळं तसंच राहिलं तर एक मेला तरी दुसरा येणारच. फेब्रुवारी-मार्चपासून त्यांची वीण सुरू होते. एप्रिलमध्ये तुमच्याकडे आलेल्याला बहुधा घरट्यातली तोंडं भरायची होती. 1928 पासून ब्रिटनमध्ये त्यांची घरटी मोजतात. 1962-63 च्या हिवाळ्यात नद्या गोठल्या आणि त्यांची संख्या कोसळली. माशांवाचून त्याचं भागत नाही हो.

आता तुमच्या तळ्याचं. एका बाजूला उथळ पायरी आहे, असं तुम्हीच लिहिलंय. बगळा सहसा काठावर उतरतो आणि तिथून चालत पाण्यात शिरतो, म्हणजे ती पायरी त्याच्यासाठी जिनाच झाली. काठाभोवती खुंट्या ठोकून दोन दोऱ्या ताणा, एक जमिनीपासून साधारण 20 सेंटिमीटरवर, दुसरी 35 वर. मासे मोठे आणि महागाचे असतील तर मात्र वरून जाळीच हवी, आणि ती ताठच हवी. सैल जाळीत हेजहॉग (अंगावर काटे असलेले इथले छोटे प्राणी) आणि छोटे पक्षी अडकून मरतात. कमळाची पानं आणि तळाशी मातीचे रुंद पाइप ठेवले की माशांना लपायला जागा मिळते.

पायरी बुजवायची की नाही, ते फोटो पाहून सांगते. काठ आणि पाण्याची पातळी दोन्ही दिसतील असा एक पाठवा.