उशिरा आणि कमी दाबाने

पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट येते. 'तातडीच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल.' पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य शुभंकरोतीसारखं पाठ असतं. आणि पाठ असल्यामुळेच त्याकडे त्याचं लक्ष नसतं.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत ट्रेनिंग देतो. विषय आहे 'बदलाला सामोरं जाताना'. चाळीस स्लाइड आहेत. सतराव्या स्लाइडवर बांबू आहे. तो वाऱ्यात वाकतो, पण मोडत नाही. त्या बांबूवर आमचं घर चालतं.

गेल्या महिन्यात बायको पंधरा दिवस साताऱ्याला माहेरी गेली. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली : 'बुधवारी रात्री पाणी भरणे.' यातल्या 'भरणे'चा कर्ता मी आहे, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला तोंडात ब्रश धरून मी बेसिनचा नळ सोडला. नळ आधी खाकरला, मग त्यानं लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. तोंडात फेस तसाच ठेवून मी घरभर फिरलो. आमच्याकडे सहा नळ आहेत. चार गच्चीवरच्या टाकीचे. स्वयंपाकघरातला आणि ड्राय बाल्कनीतला हे दोन थेट लाइनवरचे. सगळे पूर्ण फिरवून पाहिले. एकातूनही थेंब नाही. टाकीचं कोडं नंतर उलगडलं. सोसायटीत बारा बिऱ्हाडं. त्यातल्या अकरांनी बुधवारी रात्रीच आपापली पिंपं, घागरी, कुकर, पोहे भिजवायची पातेली काठोकाठ भरून ठेवली होती. टाकीला तळ दिसेपर्यंत. बारावं बिऱ्हाड ब्रश घेऊन फिरत होतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांत मिळून २९ टीएमसीच्या वर पाणी मावतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. जुलै महिन्यात कुठलं धरण किती टक्के भरलं हे मी लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगतो. घरात मात्र त्या क्षणी फ्रिजमधल्या दोन बाटल्या, प्युरिफायरमधलं पाच लिटर आणि देवापुढचा तांब्या एवढाच साठा होता. गीझरच्या पोटात पंधरा लिटर आहे हे आठवून मी क्षणभर श्रीमंत झालो. पण मागून नवं पाणी रेटल्याशिवाय गीझर आतलं सोडत नाही. आमच्या फायनान्स खात्यासारखंच.

शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा सरकारी मापदंड आहे. वीस लिटरच्या बादल्या धरल्या तर जवळजवळ सात. आमच्या घरात बादल्याच दोन, त्यातली एक फरशी पुसायची. हे गणित मी एक्सेलमध्ये करून पाहिलं. बिनपाण्याची पंचवीस मिनिटं त्यात बरी गेली.

आठ वाजता मावशी आल्या. सिंकमध्ये आदल्या रात्रीची भांडी होती. त्यांनी सिंककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, पाणी भरलं न्हाई?"

वाक्य साधंच होतं, पण शाळेत वही विसरल्यावर बाई ज्या सुरात विचारायच्या, तोच तो सूर. मी म्हणालो, "मावशी, राहू द्या आज." त्या म्हणाल्या, "राहू द्या म्हनता, मग उद्या दुप्पट कोन घासनार?" आणि त्यांनी प्युरिफायरखाली पातेलं लावलं.

पुढची वीस मिनिटं मी दारात उभा राहून बघत होतो. आधी त्यांनी कालचा पेपर फाडून ताटं-वाट्या कोरड्याच पुसून घेतल्या. नेमकं ते आतलं पान. आमटीच्या पिवळ्या डागाखाली 'पाणीपुरवठा बंद' ही अक्षरं मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच नीट वाचली. मग दोन पातेली घेतली, दोन्हींत दोन-दोन लिटर पाणी. सगळी भांडी ओल्या घासणीनं एकदम घासून ओट्यावर मांडली. आधी चहाचे कप, मग ताटं, तेलकट कढई सगळ्यात शेवटी. पहिल्या पातेल्यात बुडवून साबण काढायचा, दुसऱ्यात विसळायचं. पहिलं गढूळ झालं की ते बादलीत ओतायचं, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी बसवायचं आणि दुसऱ्यात थोडं ताजं घ्यायचं. म्हणजे पाण्याचं प्रमोशन उलट्या दिशेनं. शेवटी बादली माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "ह्ये संडासात वापरा." पाच लिटरमधलं पेलाभर शिल्लक होतं. त्याचा त्यांनी चहा टाकला.

माझ्या डोक्यात एव्हाना एकेचाळिसावी स्लाइड तयार झाली होती : 'मर्यादित संसाधनांचं टप्प्याटप्प्यानं पुनर्नियोजन'. मी भारावून विचारलं, "मावशी, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"त्यात काय शिकायचं? आन् दादा, उद्या मी येनार न्हाई. भाच्याची हळद हाय."

फ्रिजमधली एक बाटली टॉवेलवर ओतून अंग पुसलं, डिओ मारला आणि निघालो. चांदणी चौकातून पुढे सरकत सरकत ऑफिसात उशिरा आणि कमी दाबाने पोहोचलो. अकराचं सेशन माझंच होतं. सतराव्या स्लाइडवर नेहमी मी थोडं थांबतो, लोकांना बांबू नीट पाहू देतो. त्या दिवशी थांबलो आणि तोंडातून निघून गेलं, "अर्थात, बांबूलासुद्धा पाणी लागतंच." लोकांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता मुख्य प्रसंग. सहा नळ मी फिरवून पाहिले होते, हे वर सांगितलंय. ते पुन्हा बंद केले, असं कुठेही म्हटलेलं नाही.

चौकटीतल्या 'कमी दाबाने'चा अर्थ मला त्या रात्री कळला. जोरात पाणी आलं तर आवाज होतो, माणूस दचकून उठतो. कमी दाबाचं पाणी चोरपावलांनी येतं. करंगळीएवढी धार ड्राय बाल्कनीत किती वाजता सुरू झाली कोण जाणे. तिथल्या पाणी वाहून जायच्या जाळीवर फरशी पुसायचं फडकं पसरलेलं होतं. तेही मीच पसरलं होतं.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे काका. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आमच्या सोसायटीत तक्रार असली की नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागते. माणूस जातीनं वर आला म्हणजे प्रकरण गंभीर.

"बारा जुलै १९६१," काका म्हणाले.

"काय झालं काका?"

"पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नारायण पेठेत राहायचो. त्यानंतर घरात पाणी शिरलं ते आज. फरक इतकाच, तेव्हा ते खालून आलं होतं."

आम्ही दोघांनी मिळून पाणी काढलं. म्हणजे मी काढलं आणि काकांनी इतिहास सांगितला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळानं शहरात आणलं, ते नुसत्या उतारावर वाहत यायचं आणि पेठांमधले हौद भरायचे. "आणि हौद भरून वाहिला, तर पाणी रस्त्यावर जायचं," काका म्हणाले, "लोकांच्या गाद्यांच्या कपाटात नाही." काकू खालून ओरडत होत्या, "अहो, ते फेकू नका, बादलीत भरा, झाडांना होईल!" त्याच वेळी समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी गुरुवारसाठी भरलेली घागर खाली उपडी करत होतं. काल ज्याचा थेंब थेंब जपला, ते पाणी नळ आल्याबरोबर शिळं होतं. भात एवढ्या लवकर शिळा होत नाही.

बायकोला मी फोनवर यातलं काही सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

पुढच्या बुधवारी पेपरात पुन्हा चौकट होती. रात्री दहाला बेल वाजली. काका काही न बोलता आत आले आणि सहाही नळ एकेक करून पिळून पाहिले. ड्राय बाल्कनीतलं फडकं उचलून दोरीवर टाकलं. मग माझ्या दोन बादल्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. खाली गेले आणि झाकणाचं एक निळं पिंप घेऊन परत आले.

"हे भरा. शुक्रवारी संध्याकाळी परत आणून द्यायचं. स्वच्छ धुऊन."

"आणि शुक्रवारीही पाणी आलं नाही तर, काका? धुवायचं कशानं?"

"ते तुमचं तुम्ही बघा," काका म्हणाले, "ट्रेनिंग देता ना तुम्ही?"