रत्नागिरीचे आमदार आणि केरळचे खासदार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेतला राग मला पटण्यासारखा वाटला, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. लोकसभेच्या जागा ताज्या जनगणनेनुसार राज्यांना वाटाव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : ठाण्यात बसून हे लिहिणं सोपं आहे, २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत आमच्या रत्नागिरीचे आमदार ७ वरून ५ झाले, सिंधुदुर्गचे ४ वरून ३, आता हाच न्याय तुम्ही केरळ आणि तमिळनाडूला लावायला निघालात.

आधी रत्नागिरीचंच बोलू. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख होती आणि आमदार ७, म्हणजे साधारण २ लाख ४० हजार माणसांमागे एक. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा, पालघरसकट, ८१ लाखांचा होता आणि त्याला आमदार होते फक्त १३. सव्वासहा लाखांमागे एक! या सव्वासहा लाखांत कोण होतं? कळवा, दिवा, डोंबिवली, ऐरोली इथे खोली घेऊन राहिलेले तुमचे-माझे चाकरमानी होते. चिपळूणचा माणूस नोकरीसाठी कळव्याला आला की त्याच्या मताचं वजन निम्म्याहूनही कमी व्हायचं. पुनर्रचनेनंतर ठाण्याला २४ जागा मिळाल्या, रत्नागिरीला ५ राहिल्या, आणि २००१ च्याच आकड्यांवर दोन्हीकडे सुमारे ३ लाख ४० हजारांमागे एक आमदार आला. विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, त्यामुळे इकडे वाढवायच्या तर कुठून तरी कमी कराव्या लागणारच होत्या. गाव सोडून आलेल्यांना मताचा पूर्ण हक्क मिळाला, याला मी अन्याय म्हणू शकत नाही.

राज्याच्या आत झालेली ही दुरुस्ती राज्याराज्यांमध्ये मात्र झालेलीच नाही. घटनेचा अनुच्छेद ८१ सांगतो की लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण शक्यतो सर्व राज्यांत सारखं असावं. पण १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने हे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं. ८४ व्या दुरुस्तीने या गोठवण्याची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. परिणाम असा की २०११ च्या लोकसंख्येनुसार केरळात एका खासदारामागे १६ लाख ७० हजार माणसं येतात, आपल्याकडे २३ लाख ४० हजार आणि राजस्थानात २७ लाखांहून जास्त. बाडमेरच्या एखाद्या बाईने असा कोणता गुन्हा केला की तिचं मत केरळमधल्या मतापेक्षा इतकं हलकं ठरावं? कुटुंब नियोजन तिच्या राज्य सरकारला नीट राबवता आलं नाही आणि तिथली लोकसंख्या जास्त वाढली, त्याचा दंड तिने का भरायचा?

तरीही तुमच्या भीतीला मी खोटी म्हणत नाही. २०११ च्या आकड्यांवर ५४३ जागा नव्याने वाटल्या तर केरळच्या २० च्या १५ होतात, तमिळनाडूच्या ३९ च्या ३२, आणि उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या घरात जातो. ज्यांनी आरोग्य आणि मुलींचं शिक्षण मनावर घेऊन लोकसंख्या आटोक्यात ठेवली, त्यांनाच दिल्लीत वजन गमवावं लागतं. 'कोणाचीही जागा कमी करणार नाही, एकूण जागाच वाढवू' हा दिलासा मला पोकळ वाटतो. केरळच्या २० जागा कायम ठेवून प्रमाण बरोबर आणायचं तर सभागृह सुमारे ७२५ चं करावं लागेल. त्यात २० म्हणजे आजच्या ५४३ मधले १५ च. कायदे बहुमताने होतात, तिथे वाटा मोजला जातो.

मग या राज्यांना संरक्षण द्यायचं कुठे? माझं उत्तर राज्यसभा. लोकसभा माणसांची आहे, तिथे माणसंच मोजा. राज्यसभा राज्यांची म्हणवते, पण तिथेही वाटप मुख्यतः लोकसंख्येवरच आहे : उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, केरळ ९, सिक्कीम १. अमेरिकेसारख्या प्रत्येक राज्याला सरसकट दोन-दोन जागा मला मान्य नाहीत. तिथे पावणेसहा लाखांचं वायोमिंग आणि जवळपास चार कोटींचं कॅलिफोर्निया सिनेटमध्ये एका पंगतीला बसतात. जर्मनीचा बुंडेसराट, म्हणजे तिथलं राज्यांचं सभागृह, मला जास्त शहाणा वाटतो. तिथे लहान राज्याला किमान ३ मतं, मोठ्यात मोठ्याला ६. लोकसंख्येला किंमत आहे, पण मोठ्या राज्यांना बाकीच्यांना चिरडता येत नाही.

अशी पायऱ्यांची पद्धत आपल्याकडे आणली तर महाराष्ट्राचा राज्यसभेतला वाटा घटेल, हे मला माहीत आहे. लोकसभेत नव्या वाटपाने आपल्याला ५४३ मध्ये जेमतेम दोन जागा जास्त मिळतील. म्हणजे 'ठाणेकराचा फायदा' हा तुमचा आरोप हिशेबात बसत नाही. तरी मी त्या बाजूनेच आहे. शिवाय राज्यसभेवर त्या राज्याचा रहिवासीच हवा ही अट २००३ साली काढली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ते वैध ठरवलं. ती अट परत आणायला हवी. केरळची बाजू मांडायला केरळचा माणूसच नसेल, तर त्या सभागृहात त्याला कितीही जागा वाढवून दिल्या तरी काय उपयोग?